मंत्राचं बटण

परवा राखीला जालन्याला गेले होते. भाचा लॅपटॉपवर 'हॉगवर्ट्स लेगसी' खेळत बसलेला. २०२३ साली आलेला गेम. "आत्या बघ, अख्खा किल्ला हिंडता येतो!" म्हणून कौतुकाने दाखवत होता. मी म्हटलं, आमच्या नशिबी असला नव्हता रे.

आमच्या नशिबी आला तो 'हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर'. सिनेमाबरोबरच, नोव्हेंबर २००५ मध्ये निघालेला.

त्याआधी पुस्तकाचं सांगायला हवं. तेव्हा मराठवाड्यात भारनियमन जोरात होतं. संध्याकाळी लाइट गेली की मी कंदिलाशी बसून इंग्रजी वाचायचे आणि धाकट्या भावाला मराठीत सांगत जायचे. सांगताना माझ्या पदरचंही बरंच घालायचे (ते त्याला अजून माहीत नाही, आता कळेल!).

तो बोलताना अडखळायचा. 'क' आणि 'प' आले की गाडी थांबलीच. वर्गात हजेरीला 'प्रेझेंट सर' म्हणणंसुद्धा त्याला संकट वाटायचं. पण मंत्र म्हणताना तो अडखळत नसे. का ते कुणास ठाऊक. हातात तुराटीची काडी घेऊन सुरात "विंगार्डियम लेव्हिओसा" असं खणखणीत म्हणायचा. पहिल्या पुस्तकात रॉनचा उच्चार चुकतो आणि हर्मायनी त्याला सुधारते, तो प्रसंग मी किती वेळा सांगितला असेल! चौथ्या पुस्तकात तर हॅरी ड्रॅगनला तोंड देण्यासाठी 'अ‍ॅक्सिओ' रात्री जागून घोकतो, तेव्हा कुठे त्याचा झाडू उडत येतो. हे ऐकून हे महाशय आठवडाभर चपलेला हाका मारत होते. चप्पल काही आली नाही. असो.

तर मामेभावाच्या कॉम्प्युटरवर हा गेम आला. आधीच्या गेममध्ये किल्ल्यात थोडंफार भटकता यायचं. २००१ च्या पहिल्यात तर मंत्र शिकताना माऊसने त्याची आकृती गिरवावी लागे, हात वाकडा गेला की गुण कमी. या चौथ्यात ते सगळं गेलं. किल्ला हिंडणं बंद. एकेक टप्पा खेळायचा, ढाली गोळा करायच्या, पुरेशा झाल्या की पुढचा टप्पा उघडणार. ढाली कमी पडल्या की पुन्हा मागच्याच टप्प्यात. कॅमेरा वरून बघणारा, स्वतःच्या मनाने फिरणारा. चित्रं छान होती, ते नाकारत नाही.

आणि मंत्र? ठरलेली दोन-तीन बटणं. समोर काय आहे ते पाहून कुठला मंत्र लागायचा हे गेमच ठरवणार. रात्रभर घोकलेला 'अ‍ॅक्सिओ' म्हणजे एक बटण.

भावाने थोडा वेळ खेळून विचारलं, "ताई, म-मंत्र कधी म्हणायचा?"

मी हसले. "अरे वेड्या, कॉम्प्युटरला कान असतात का?" मामेभाऊही हसला. भाऊ उठून ओट्यावर जाऊन बसला. मी मात्र खेळत राहिले, ड्रॅगनचा टप्पा यायचा होता ना! घरी येताना कुंडलिकेच्या पुलावर त्याने काही विचारलं नाही. त्यानंतर तुराटी हातात घेतलेली मला आठवत नाही. गेम वाईट होता हे खरंच, पण हसले मी होते.

आज तो मोसंबीचा व्यापार करतो, दिवसभर फोनवर असतो. अडखळतो अजून, पण समोरचा थांबतो.

परवा भाचा खेळत होता तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. पडद्यावरचा पोरगा मोठ्याने "अ‍ॅक्सिओ" म्हणाला.

"हे कोण बोललं? तू?"

"नाही बाबा, मी बटण दाबलं. तो आपोआप म्हणतो."

"आणि तू म्हटलंस तर?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी हसले नाही.