पांढऱ्या ओढणीचा फोटो

आमच्या घरी कोकणी बोलतात, शाळेत मी उर्दूतून शिकवते आणि लिहायचे झाले की मराठीत लिहिते. फोटोला मात्र तिन्हीकडे फोटोच म्हणतात. माझ्या दादीचा आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही हजच्या पासपोर्टसाठी. आखातात गेलेल्या माझ्या भावाला मात्र रोज सकाळी उठल्यावर मुलाचा नवा फोटो लागतो. एकाच घरात दोन पिढ्यांत एवढे अंतर पडले.

माझ्याकडे कॅननचा १५००डी हा कॅमेरा आहे. २०१८ साली निघालेला, डीएसएलआरमधला अगदी पहिल्या पायरीचा. रत्नागिरीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने तो विकायला काढला तेव्हा १८-५५च्या लेन्ससकट मी घेतला. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या पैशात एखादा दागिना झाला असता.” दागिना झालाही असता. पण शाळेत दरवर्षी अर्ज असतात, ओळखपत्रे असतात आणि प्रत्येकाला फोटो लागतो. त्यासाठी एखाद्या आईने दिवसाची मजुरी बुडवून मुलीला तालुक्याला न्यायचे, हे मला बघवत नव्हते. शाळेची भिंत पांढरी आहे, व्हरांड्यात उजेड चांगला येतो. आणखी काय हवे?

पहिल्याच दिवशी सहावीतल्या एका मुलीने मागच्या पडद्यावर स्वतःला पाहिले आणि हळूच विचारले, “टीचर, मैं इतनी काली हूँ?”

ती तशी नव्हती. भिंत पांढरी, तिची गणवेशाची ओढणी पांढरी, आणि मधे एवढासा चेहरा. व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढताना या कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला समोर मुलगी आहे की चुन्याची भिंत, हे कळत नाही. तो फक्त परत येणारा उजेड मोजतो. जगाची सरासरी काढली तर मध्यम राखाडी रंग येतो, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा, असा त्याचा हिशेब ठरलेला. समोर पांढरे जास्त असले की त्याला वाटते उजेड फार झाला. मग तो सगळे चित्र मळकट करतो, आणि त्यात चेहराही काळवंडतो. काळे जास्त असले की उलट. ईदच्या नमाजला भरलेला ईदगाह त्याच्या मर्जीवर सोडला तर कडक इस्त्रीचे कुर्ते राखेत लोळवल्यासारखे दिसतात. चार बुरखेवाल्या बायका एकत्र उभ्या केल्या तर बुरखा धुरकट होतो आणि चेहरे पार पांढरे पडतात. म्हणजे आमच्या समाजाचे जे दोन ठळक रंग, तेच या यंत्राला पटत नाहीत! दोन्ही ओढून तो मधल्या राखाडीत आणतो.

उपाय सोपा आहे. चकती ‘ऑटो’वरून काढून ‘पी’वर न्यायची, मागचे ‘एव्ही’ बटण दाबून धरायचे आणि वरचे चाक फिरवायचे. पांढऱ्या ओढणीला अधिक एक, बुरख्याला उणे एक. त्या मुलीला परत उभी केली. या वेळी ती पडद्याकडे बघून काही बोलली नाही, फक्त ओढणी नीट केली आणि म्हणाली, “एक और निकालिए.”

हल्ली मुली म्हणतात, “टीचर, मोबाइलवर काढा ना.” कित्येक मोबाइल न विचारताच चेहरा गुळगुळीत करतात, गोरा करतात. मुलींना तेच आवडते. मला ते या कॅमेऱ्याच्या राखाडीपेक्षा जास्त खटकते. राखाडी निदान सगळ्यांना सारखी लागू असते. गोरे करणाऱ्याने तर मुलीला आधीच सांगून टाकले की तू आहेस तशी चालणार नाहीस.

वर्तमानपत्रात आमचे फोटो येतात ते ठरावीक असतात. ईदला गळाभेट, मतदानाला शाई लावलेले बोट आणि मागे बुरख्यांची रांग. लेख तलाकवर असो, शिक्षणावर असो की महागाईवर, चित्र पाठमोऱ्या बुरख्याचे. त्या बाईला चेहरा आहे, ती हर्णैच्या लिलावात माशाचा भाव पाडून घेते, मुलाच्या गणिताच्या मार्कांवरून माझ्याशी भांडते, हे त्या फोटोत कुठे दिसते? मात्र सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलून चालणार नाही. आपणच दार लावून बसलो तर बाहेरच्याला पाठच दिसणार.

दार लावण्यामागे दीनचा प्रश्न आहेच, तो मी टाळत नाही. तस्वीर आणि फोटो एकच की वेगळे, यावर उलेमांत मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती राहिलेले मुहम्मद बखीत अल-मुतीई (मृत्यू १९३५) यांनी फोटोग्राफी जायज असल्याचा रिसाला लिहिला. फोटो म्हणजे नवे काही घडवणे नव्हे, असलेली सावली धरून ठेवणे, असा त्यांचा युक्तिवाद. दुसऱ्या बाजूचे उलेमाही मोठे आहेत. गावातल्या ज्यांना फोटो मान्य नाही, त्यांच्याकडे मी कॅमेरा उचलतही नाही.

याच संदर्भात एक गोष्ट आमच्या जलशांतून हमखास सांगितली जाते, की ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला. नाही आला. तो लॅटिन आहे, अर्थ खोली. बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी ग्रहणातल्या सूर्याची कोर लहान छिद्रातून कशी उमटते याचा अभ्यास केला, ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली, एवढे खरे मोठेपण असताना खोट्या व्युत्पत्तीची उसनवारी कशाला? मी वर्गात खोक्याला छिद्र पाडून पडद्यावर उलटी मेणबत्ती दाखवते, मग खरा कॅमेरा काढते. लेन्सला उर्दूत अदसा, डोळ्यातल्या पडद्याला पर्दा-ए-शबकिया. मुलांना हे पाठ असते. कॅमेरा हातात घेतल्यावर समजते. आतला आरसा खटकन उचलला जातो तो आवाज त्यांना सगळ्यात आवडतो.

हे आरशाचे कॅमेरे आता मागे पडले. कंपन्यांचा सगळा भर बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे. माझे काही अडत नाही. अडते ते पावसाने. कोकणातल्या चार महिन्यांत हवाच ओली, आणि लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरते. म्हणून जूनपासून कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या निळ्या पुड्या. ओल पिऊन त्या गुलाबी झाल्या की तापवून पुन्हा निळ्या करायच्या. अम्मी म्हणतात, “पापडांची एवढी काळजी घेतली असतीस तर!”

कॅमेरा असल्याचे गावात कळल्यावर लग्नांची बोलावणी सुरू झाली. बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, आणि मुलींना तर फोटो हवे असतात. मी पैसे घेत नाही, पण माझी एक अट असते. निघण्यापूर्वी सगळे फोटो नवरीच्या पेन ड्राइव्हवर टाकायचे आणि तिच्यासमोरच कार्ड पुसायचे. कोणाचा चेहरा कोणापर्यंत जावा, हे ज्याचा चेहरा त्याने ठरवावे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, अमानत.

शेजारच्या खालांनी मात्र आपण होऊन बोलावले. मुलगा कुवेतला, चार वर्षे आला नव्हता. “त्याच्यापुरताच काढ. दुसऱ्या कोणी बघता नये, मोबाइलात फिरता नये.” दुपारी खिडकीशी बसवले. ५० मिलिमीटरची लेन्स, एफ १.८, ओढणी पांढरी म्हणून अधिक एक. खालांनी हसायचे नाही असे ठरवले होते, पण आरशाचा खटका ऐकून दचकल्या आणि हसल्या. तोच फोटो चांगला आला. रत्नागिरीला एकच प्रत छापून घेतली, ती कुवेतला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवली. कार्ड पुसणार होते, तर खालाच म्हणाल्या, “राहू दे. कागद हरवला तर तो परत मागेल.”

२०२१च्या उन्हाळ्यात खाला गेल्या. मुलाला मातीला येता आले नाही, विमाने बंद होती. आठवड्याने त्यांच्या मुलीने माझ्याकडे फोटो मागितला. मग बहिणीने. मग सुनेने, नातवंडांना दाखवायला म्हणून. सगळ्यांची मागणी रास्त आहे. मुलीचे म्हणणे, “मी परकी का?” मी कुवेतला फोन करून विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “अम्मीनं तुम्हाला काय सांगितलं होतं?”

मी सांगितले.

“मग मी कोण हो म्हणणारा?”

ते कार्ड मी कॅमेऱ्यातून काढून डब्यात वेगळे ठेवले आहे. खालांची मुलगी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पुड्या बदलायला डबा उघडते तेव्हा ते हाताला लागते. पुसलेले नाही, कोणाला दिलेलेही नाही.