सह्याद्रीचा भाऊबंद तिथे अजून जन्मतोय!

आइसलँडमध्ये हिमनद्या असतील, धबधबे असतील, हे ठाऊक होतं. पण तिथे आपला काळा कातळ भेटेल, हे कुणीच सांगितलं नव्हतं! तोच बेसॉल्ट, ज्याच्यावर रायगड उभा आहे, ज्यात अजिंठा-वेरूळ कोरलं, ज्याच्यावर आपण पावसाळ्यात घसरतो. आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला आणि त्यांचा अजून तयार होतोय! राजधानी रेकयाविकपासून फार लांब नसलेल्या फाग्रादाल्सफ्यात्ल डोंगरात २०२१ साली लाव्हा वाहिला. गोठलेल्या त्या प्रवाहाच्या कडेला मी उभी राहिले आणि अक्षरशः ओरडले, ‘अगं, माझी भाची या दगडापेक्षा मोठी आहे!’

तेव्हापासून हा देश डोक्यातून जातच नाही. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम एक तृतीयांश, वस्ती चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सांगली-मिरजेहूनही कमी. आणि एवढ्याशा जागेत काय काय भरलंय! थिंगवेलिरला उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकताहेत. त्या फटीतल्या कातळभिंतींमधून चक्क पायवाट जाते. याच ठिकाणी इ.स. ९३० पासून त्यांची लोकसभा उघड्यावर भरत असे. तिथून पुढे स्ट्रॉक्कुर हा गरम पाण्याचा उसळता झरा. पाण्याचा निळसर घुमट फुगतो, क्षणभर थांबतो आणि फुटून पंधरा-वीस मीटर उंच उसळतो. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा! मी किती वेळ तिथे थांबले याचा हिशेबच ठेवला नाही.

पण मला सर्वांत जास्त वेड लावलं ते शेवाळानं. दक्षिणेकडे १७८३ सालच्या लाकी उद्रेकाचा लाव्हा मैलोन् मैल पसरलाय. त्या उद्रेकानंतरच्या दुष्काळात देशातली जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. आज त्या खडकांवर राखाडी-हिरव्या शेवाळाची गोधडी पसरलेली आहे. वाटेच्या कडेला गुडघे टेकून अगदी नाक लावून पाहिलं. एकेक काडी नखाएवढी, टोकाला पांढरा केस. वर पावसाची सर आली आणि डोळ्यांदेखत राखाडी रंग पोपटी झाला! त्याच्यावर एक पाऊल पडलं तरी ती जखम भरायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून वाटेवरून खाली उतरायचं नाही हा तिथला कडक शिरस्ता, आणि स्थानिक माणूस परक्याला तो स्पष्ट शब्दांत सांगतो.

ही राखणदारी आभाळातून पडलेली नाही. गुल्फॉसवर, दोन टप्प्यांत ३२ मीटर कोसळणाऱ्या त्या अफाट धबधब्यावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज काढण्याचा घाट होता. शेजारच्या ब्रात्तहोल्त शेतावरच्या सिग्रीदुर तोमासदोत्तिर या बाईनं तो अडवायला कंबर कसली. रेकयाविकपर्यंत पायपीट केली, कोर्टकचेऱ्या केल्या. पाय रक्ताळले तरी ती चालत राहिली, असं लोक आजही सांगतात. धरण झालं नाही. १९७९ साली धबधबा संरक्षित झाला आणि आता तिच्या चेहऱ्याची शिळा तिथे आहे.

आणि ज्या आगीनं हा देखावा घडवला, तिच्यावरच देश चालतो! रेकयाविकच्या आभाळात कधीकाळी कोळशाचा धूर असायचा. १९३० साली शहराजवळच्या गरम झऱ्यांचं पाणी नळानं आणून एक शाळा आणि काही घरं उबदार केली. १९७०च्या दशकात तेल महागलं आणि साऱ्या देशानं हाच रस्ता धरला. आज दहातली नऊ घरं जमिनीच्या उष्णतेवर तापतात, वीज जवळजवळ सगळी नद्या आणि भूगर्भातून येते. न्हाणीघरात नळ सोडला की गंधकाचा वास येतो. मला तर तो वाससुद्धा आवडला! घरं तापवून उरलेलं पाणी फुटपाथखाली खेळवतात आणि वरचा बर्फ वितळवतात.

आता ऐका खरी कमाल. हेलिशेइदीच्या भूऔष्णिक वीजकेंद्रात बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये खोल सोडतात. दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याच्याशी जुळतं आणि वायूचं खनिज होतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला! तिथे खालून काढलेला खडकाचा दंडगोल जवळून पाहिला. काळा बेसॉल्ट, त्याला बारीक भोकं, आणि भोकाभोकांत पांढरे स्फटिक. पुणे-नाशिककडच्या खाणींत आपल्या दगडाच्या पोकळ्यांतून पांढरे स्फटिक निघतात ना, त्यांचीच आठवण आली. फक्त इथल्या पांढऱ्यात वीजकेंद्राचा कार्बन होता.

या देशाच्या वहीत उधारीचं पानही आहे आणि ते कुणी फाडलेलं नाही, म्हणून तर माझा जीव आणखी जडला. नवव्या शतकात माणसं आली तेव्हा किमान चौथ्या हिस्स्यावर बर्चचं रान होतं. कुऱ्हाड आणि मेंढ्यांनी ते खाल्लं, माती वाऱ्यावर उडाली. आज झाडी-झुडपं मिळून दोनेक टक्के. पण १९०७ सालीच धूप थांबवायला त्यांनी कायदा करून सरकारी यंत्रणा उभी केली, आणि ते काम अजून चालू आहे. ॲल्युमिनियम कारखान्यासाठी काराह्न्यूकरचं प्रचंड धरण बांधलं जात होतं, तेव्हा २००६ साली हजारो लोक रस्त्यावर उतरले. धरण झालंच, आणि तो वाद आजही धगधगतो. वितळून संपलेल्या ओक हिमनदीच्या जागी २०१९ साली त्यांनी स्मृतिफलक बसवला. आपलं काय गेलं, हे लिहून ठेवणारी माणसं आहेत ही.

आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्येही कार्बन मुरवता येईल का, याचा अभ्यास भारतीय संशोधक करताहेत. म्हणून सांगते, रेनिस्फ्याराच्या किनाऱ्यावरचे कातळस्तंभ पाहायला जमेल तेव्हा जा, जरूर जा! पण त्याआधी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जा. तसेच उभे स्तंभ, तशाच आगीचे. भोवती इमारतींनी किती जागा खाल्ली तेही पाहा, आणि आपल्याही कातळाचं जमाखर्चाचं पान आता लिहायला घेऊ या.