घणाचा घाव आणि कातळ

ओहोटी लागली की नागावच्या किनाऱ्यावर आम्ही लोखंडी पाट वाळूत बसवायचो. पुढे ओळीने 24 जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारी उपकरणं, टोचलेली. गावातला गडी घण उचलायचा, मी हात खाली केला की दणकन घाव. घावाची लाट जमिनीत उतरून खालच्या काळ्या कातळावर आपटून परत यायची आणि पडद्यावर 24 रेघा थरथरायच्या.

त्या रेघांत दोन गोष्टी कालवलेल्या असतात : घाव कसा बसला आणि खाली काय आहे. दोन्ही अज्ञात, हाती नोंद मात्र एकच. दहा घावांची बेरीज केली की समुद्राची गाज दबते. घावाचा स्वभाव काही जात नाही.

एकदा कातळाच्या प्रतिध्वनीमागून 10 मिलिसेकंदांनी दुसरा प्रतिध्वनी आला. बेसाल्टमध्ये लाटेचा वेग सेकंदाला 4 किलोमीटर धरला, तर 20 मीटर खाली काहीतरी हवं. दोन लाव्हांमधला लाल मातीचा थर, असं मी अहवालात लिहून टाकलं. बोअर घेतली, तर सलग काळा दगड. दुसऱ्या दिवशी पाटाला चिकटून एक जिओफोन लावला. त्यात दोन ठोके, मध्ये 10 मिलिसेकंद. घावासरशी पाट उसळून पुन्हा आपटत होता. मी पाटाची उसळी जमिनीच्या नावावर टाकली होती.

घाव आणि जमीन वेगळी करण्याची एक वाट भूभौतिकशास्त्रज्ञ एंडर्स रॉबिन्सनने 1954 च्या प्रबंधात दाखवली. तिच्या मुळाशी एक गृहीत आहे : खालचे थर कशाही क्रमाने येतात, त्यांना ताल नसतो. मग नोंदीतला सगळा ताल घावाचा. पण रायगडचे कडे बघा. लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक चढलेले. इथे जमिनीलाच ताल आहे, आणि ही रीत डोळे मिटून वापरली तर तोही घावाबरोबर पुसला जातो. ही चूक पाटाच्या उसळीपेक्षा मला जास्त बोचते, कारण पुसलेलं पुन्हा दिसत नाही.

उरणला तेल-वायूच्या वाहिन्या किनाऱ्याला लागतात, तिथे गेलो की घाव आणि प्रतिध्वनीचं हेच कोडं मनात येतं. 1974 साली 'सागर सम्राट' या समुद्री रिगने मुंबई हाय या तेलक्षेत्रात विहीर खोदली, त्याआधी त्या जागेचा माग अशाच प्रतिध्वनींतून लागला होता. समुद्रात घणाच्या जागी एअरगन असते; तिच्या हवेचा बुडबुडा फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो, तीही उसळीच.

आता पाटाशेजारचा जिओफोन मी सर्वांत आधी लावतो. गडी घण खांद्यावर घेऊन थांबतो आणि विचारतो, "साहेब, आधी माझाच आवाज ऐकणार ना?"