जार धुण्याचं काम

आमच्या हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टिश्यूचे पातळ सेक्शन कापणाऱ्याचं कौतुक होतं, जार धुणाऱ्याला कुणी विचारत नाही. मला हे कधीच पटलं नाही. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसचे नमुने येऊ लागले, कुणाच्या सायनसचे, कुणाच्या टाळूचे, तेव्हा तर मुळीच नाही.

बुरशी ठळक दिसावी म्हणून आम्ही जीएमएस हा चांदीचा स्टेन करतो. त्यात चांदी बुरशीच्या भिंतीवर बसते आणि हिरव्या पार्श्वभूमीवर तंतू काळे उमटतात. पण जारमध्ये आधीचा अंश राहिला असेल, तर चांदी तिथेही धरते आणि सेक्शनवर काळे कण विखुरतात. ज्याचा डोळा काढायचा की ठेवायचा हा निर्णय त्या स्लाइडवर अडलाय, त्याच्या बाबतीत असे कण मला चालत नाहीत.

कॉप्लिन जारमध्ये स्लाइड उभ्या ठेवायला खाचा असतात; वापरलेल्या जारच्या या खाचांत काळपट, चकाकता थर बसतो. ब्रशने तो हलत नाही. आधी जार पाण्याने नीट धुवायचा. अल्कोहोल उरलं असेल आणि त्यावर नायट्रिक ॲसिड पडलं तर जोरदार रिॲक्शन होऊ शकते. मग फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, पातळ केलेलं नायट्रिक. थर कडेकडेने सुटू लागतो, खाचांतला सगळ्यात शेवटी. घाई केली की नेमका तिथलाच राहतो. ते ॲसिड सिंकमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत साठवायचं.

त्यानंतर नळाचं भरपूर पाणी आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर, पुन्हा पुन्हा. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडची चांदीशी गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तयार होतो. म्हणून शेवटच्या धुवणाचं थोडं पाणी टेस्टट्यूबमध्ये घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकते. दुधाळ झालं की जार परत सिंकवर. चांदी धातूवरही बसते, म्हणून स्टीलचा चिमटाही तसाच वापरत नाही, टोकं वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवून घेते.

कापलेले सेक्शन तरंगवायच्या वॉटर बाथचंही तेच. एका ब्लॉकची रिबन उचलली की पाण्यावरून टिश्यू पेपर फिरवायचा. एकाचा तरंगणारा तुकडा दुसऱ्याच्या स्लाइडवर चढला, तर नसलेला कॅन्सर रिपोर्टमध्ये येऊ शकतो.

लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्याची, डीएमएलटीची मुलं आली की सेक्शन कापायच्या मायक्रोटोमकडे धावतात. मी त्यांना आधी सिंकवर उभं करते आणि सिल्व्हर नायट्रेटची बाटली हातात देते.