राहुटीवरची पाटी

कलावंत घराण्याचा इतिहास म्हटला की आम्हा मराठीच्या मास्तरांना आधी पत्रांची पेटी लागते. रोजनिशी, बाड, निदान जुनी लग्नपत्रिका तरी हवीच! जुन्नर तालुक्यातील नारायणगावी ही हौस भागत नाही. पुणे-नाशिक रस्त्याने आंबेगाव तालुक्यातले मंचर मागे टाकले की मीना नदीकाठचे हे गाव येते. चैत्राच्या सुमारास येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येकीवर फडाची पाटी. आत फडाचा माणूस आणि समोर गावोगावचे कारभारी. यात्रेची तारीख, सुपारीचा आकडा, इसार, मग यथेच्छ घासाघीस, आणि ठरले की कागद होतो. या घराण्यांचे दप्तर ते हेच.

इथला गाजलेला फड भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा. नारायण खुडे यांनी तो उभारला, मुलांनी नावारूपाला आणला. पण खुडे हे आडनाव पाटीवर राहिले नाही. तेथे जात आली आणि गाव आले. ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर, त्यांनीच गावाचे नाव मुलूखभर मिरवले!

भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म १९३५ सालचा, तोही पंढरपूरचा. फडकऱ्यांची जन्मगावेसुद्धा अशी परगावची. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या. तेव्हा प्रेक्षकांनाच राहवेना, त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. त्या रात्रीच्या कागदावर काय असणार? गाव, तिथी, रक्कम. बाकीचे सारे माणसांच्या तोंडी राहिले. योगीराज बागूल यांनी चरित्र लिहिले म्हणून ते आपल्यासारख्या पांढरपेशांच्या कपाटात आले. पेशव्यांच्या दप्तराचे रुमाल आपण पुण्यात इमारत बांधून जपले. सुपारीच्या वह्या कोणी मागितल्या आहेत का?

राष्ट्रपतींकडून विठाबाईंचा १९५७ आणि १९९० साली गौरव झाला. शेवटच्या आजारात मात्र औषधपाण्याला लोकांचा हात लागला. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. आज राज्य शासन तमाशा कलावंतांना जो जीवनगौरव पुरस्कार देते, तो विठाबाईंच्या नावाचा.

त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनीही फड चालवला, मुलगा नितीनकुमार यांना बरोबर घेऊन. त्यांच्या पाटीवर करवडीकर आले. म्हणजे घराणे पुन्हा एका नव्या गावाचे नाव घेऊन निघाले. २०२० आणि २०२१ च्या चैत्रात करोनाने यात्राच बंद होत्या. त्या वर्षांची वह्यांची पाने कोरीच राहिली असतील.

मुलांना शिवनेरी दाखवायला जुन्नरला जाल, तेव्हा वाटेत नारायणगावी उतरा. राहुट्या लागलेल्या असल्या तर त्यांच्यावरच्या पाट्या मुलांकडून पुऱ्या वाचून घ्या.