जेसीचं नाक आणि आमची चिचुंद्री



गेल्या चातुर्मासातली एक गोष्ट मी इथे कधी लिहिली नाही. मोरीत उंदीर फिरतात म्हणून यांनी उंदरांसाठीचा चिकट पॅड आणला. मी नको म्हणाले नाही. सकाळी बघते तर पॅडवर उंदीर नव्हताच, चिचुंद्री होती, जिवंत. तेल सोडून सोडवली, पण दुपारी गेली. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले तर हाताला तोच उग्र वास. कृत, कारित, अनुमोदना. यांतलं तिसरं माझं होतं.

हे परवा पुन्हा वर आलं ते एका कुत्रीमुळे. मुलाने मोबाइलवर दक्षिण आफ्रिकेची बातमी दाखवली. तिथे पोर्ट नॉलॉथ गावाजवळच्या समुद्रकाठच्या वाळूत ‘डी विंटन्स गोल्डन मोल’ नावाचा एक छोटा जीव राहतो. ८० हून अधिक वर्षं तो कुणाला दिसला नव्हता, संपलाच असेल असं वाटत होतं. २०२१ मध्ये एन्डेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्ट आणि प्रिटोरिया विद्यापीठाच्या लोकांनी शोध घेतला, दिवसाला १८ किलोमीटरपर्यंत वाळू तुडवून. सोबत जेसी, बॉर्डर कॉली.

हा प्राणी दिसायला आपल्या चिचुंद्रीसारखा, पण नात्याने म्हणे हत्तीला जवळचा! डोळ्यांवर कातडी, वाळूतल्या कंपनांवर सगळं समजून घेतो. मुलगा लगेच, "आई, मग हा चतुरिंद्रिय का?" म्हटलं, अंध माणूस चतुरिंद्रिय होतो का रे? पंचेंद्रियच तो.

मला खरं आवडलं ते पुढचं. जेसीला शिकवायला त्या जीवाचा वास आणायचा कुठून? म्हणून तिला दुसऱ्या, नेहमी सापडणाऱ्या गोल्डन मोलांचे वास शिकवले. वाळूत बिळाची रेघ दिसली आणि तिथे जेसी गप्प राहिली, की माणसं थांबायची. ओळखीचा नाही, म्हणजे कदाचित तोच. मग तिथली वाळू घ्यायची. जाता जाता प्राण्याचे केस, कातडीचे कण, मलमूत्र वाळूत राहतं, त्यातून डीएनए काढता येतो. असे १०० हून अधिक नमुने घेतले. ताडून बघायला केपटाउनच्या संग्रहालयातला जुना नमुना उपयोगी पडला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की तो आहे.

सासूबाई ऐकत होत्या. पाणी गाळून गाळण्यातले जीव परत विहिरीत सोडणाऱ्या पिढीच्या त्या. म्हणाल्या, "दिसत नव्हता म्हणून नव्हता, असं कसं म्हणाले?" त्या शोधासाठी बिळं उकरत बसावं लागलं नाही, याचं त्यांना फार बरं वाटलं. तिथे हिऱ्यांच्या खाणी आहेत आणि घरंही वाढतायत, हे मी त्यांना सांगितलं नाही. जमीन खणायला लागते म्हणून कांदा-बटाटाही घरात न आणणारी बाई ती, दोन दिवस जेवली नसती.

उरलेले पॅड मी कचऱ्यात टाकले, घडी घालून, म्हणजे कचऱ्यातही कुणी चिकटायला नको. धान्याचे डबे घट्ट केले, मोरीला जाळी बसवून घेतली. जाळीच्या एका कोपऱ्याशी बोटभर फट राहिलीय. यांनी दोनदा विचारलं, बुजवू का?

काल रात्री मोरीकडून तोच वास आला. मुलगा म्हणाला, "आई, आलीय." दिवा न लावता आम्ही तसेच बसून राहिलो.