ऑक्सफर्डची 'मायनर'

ऑक्सफर्ड येथें आम्ही गेलों तें मोटारी पाहावयास नव्हे. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत छापून काढणारे भट्ट मोक्षमूलर तेथील हॉलीवेल दफनभूमींत विसावले आहेत. संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या आमच्यासारख्या मास्तरास तें एक क्षेत्रच. चिरंजीव नोकरीनिमित्त तिकडे असल्यामुळें गेल्या उन्हाळ्यांत हा योग जुळून आला.

समाधीस नमस्कार करून निघालों, तों जवळच लाँगवॉल नांवाचा रस्ता लागला. तेथील एका जुन्या इमारतीपाशीं चिरंजीव थांबले व म्हणाले, "आधीं सायकली दुरुस्त करणाऱ्या विल्यम मॉरिसचें गॅरेज येथें होतें. पुढें १९१३ सालीं त्यानें शहरालगत काउली येथें मोटारींचा कारखाना चालू केला." मॉरिस हें नांव कानीं पडतांच आम्ही किंचित् चपापलों. त्याचें कारण पुढें येईलच. चिरंजीवांनीं आमचें कुतूहल ओळखलें आणि रविवारीं जवळच्या एका खेड्यांतील हिरवळीवर जुन्या 'मॉरिस मायनर' गाड्यांचे मालक जमणार होते, तेथें आम्हांस नेलें.

ही मायनर १९४८ सालीं लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. १९७१ पर्यंत अशा सोळा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. दहा लाखांचा पल्ला गांठणारी ही पहिली ब्रिटिश मोटार. तथापि डौल म्हणून तिला नाहीं. खुद्द मॉरिससाहेबांनीं, तोंवर ते लॉर्ड नफील्ड झाले होते, तिला पाण्यांत सोडून शिजविलेल्या अंड्याची उपमा देऊन नाक मुरडलें होतें. उपमा आमच्या स्वयंपाकघरांतील नव्हे, परंतु आकार पाहतां ती पटते. रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांस आयत्या वेळीं गाडी अरुंद वाटली. त्यांनीं नमुना मधोमध उभा कापविला, दोन्ही भाग दूर सारले आणि रुंदी चार इंचांनीं वाढविली. त्यामुळें पुढील बॉनेटवर मध्यें एक सपाट पट्टी आली, ती अखेरपर्यंत राहिली. निबंधांतील चूक सुधारावी, खाडाखोड दिसली तरी चालेल, असें आम्ही मुलांस सांगत आलों. येथें तें पत्र्यांत पाहावयास मिळालें.

मालकांचीं मतें ऐकण्यासारखीं होतीं. खेडोपाडीं हिंडून प्रसूति करणाऱ्या एका निवृत्त परिचारिकाबाईंनीं सांगितलें कीं, मध्यरात्रीं बोलावणें आलें आणि गाडी रुसली, तर पुढून लोखंडी हँडल घालून फिरवीत. ती सुरू होईच. त्यांचे यजमान शेजारींच होते. ते म्हणाले, "हिवाळ्यांत आंत बसून ओव्हरकोट काढूं नये, आणि ब्रेक लावण्याचा विचार बराच आधीं करावा!" मागें लांकडी चौकट असलेल्या 'ट्रॅव्हलर' प्रकाराच्या मालकानें दुखणें सांगितलें: चौकट शोभेची नसून भार वाहणारी, वार्निश चुकलें कीं शेवाळ धरतें आणि लांकूड कुजतें. एक विद्यार्थिनी मात्र खुष होती. झांकण उघडलें कीं प्रत्येक भाग डोळ्यांस दिसतो. पुस्तक समोर ठेवून तिनें स्वतः कार्ब्युरेटर साफ केला होता. पुढील चाकांच्या सांध्यांस वेळच्या वेळीं ग्रीस न दिल्यास चाक कोलमडतें, हें सर्वांनींच एकमुखानें बजाविलें.

परिचारिकाबाईंची दृष्टि आतां मंद झाली आहे. गाडी मुलगा चालवितो, बाई शेजारीं बसतात. जुन्या बैठका काढून नव्या बसवाव्या असें मुलाच्या मनांत होतें. बाई 'नको' म्हणाल्या, तो बेत तेथेंच राहिला. आम्हीं त्यास कारण विचारलें. "गाडी आईची आहे," एवढेंच तो म्हणाला.

हें ऐकून आम्ही खालीं पाहिलें. याच मायनरवरून आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनें १९५० च्या सुमारास 'बेबी हिंदुस्थान' काढली होती. आमचे डॉक्टरकाका ती घेऊन वाईच्या आसपासच्या खेड्यांत रुग्ण पाहावयास जात, आणि आम्हीं चुलत भावंडें मागें दाटीवाटीनें बसत असूं. काकांच्या पश्चात् ती परसांत उभी राहिली. कोंबड्या नव्हे तरी चिमण्या तिच्यांत घरटीं करूं लागल्या. पुढें वांटणीच्या वेळीं वडील पुतण्या या नात्यानें आम्हींच निकाल दिला, कीं गाडी भंगारांत द्यावी. काकू कांहीं बोलल्या नाहींत. गाडीचें हँडल तेवढें त्यांनीं स्वयंपाकघराच्या दारामागें ठेवून घेतलें. तें अद्याप तेथेंच आहे.

स्वदेशीं परतल्यावर आम्हीं काकूंस त्या बाईंची हकीकत सांगितली. काकूंनीं आतां नव्वदी ओलांडली आहे. त्या म्हणाल्या, "अरे, गाडी ठेवून तरी मी काय केलं असतं? पण एकदा मला विचारायचं होतंस."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

असो. वाचकांच्या घरींही वांटण्या होतील, अडगळी निघतील. काढावयाचें तें अवश्य काढावें. घर म्हणजे कांहीं संग्रहालय नव्हे. परंतु ज्यांचे दिवस त्या वस्तूबरोबर गेले त्यांस आधीं विचारावें. आम्हीं तें केलें नाहीं, म्हणून हें लिहिलें.